दोन मोटारी आणि एक सवलत

गेल्या महिन्यात आमच्या प्राध्यापक-कक्षात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला एक प्रश्न विचारला. पती-पत्नी दोघेही अध्यापनाच्या क्षेत्रात, मुलीचे शिक्षण संपलेले, घराचे कर्ज फिटलेले. तेव्हा आता एक चांगली मोटार घ्यावी आणि ती विजेवर चालणारी असावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते. टाटांची हॅरियर ईव्ही घ्यावी की महिंद्रांची एक्सईव्ही ९ई, एवढेच काय ते ठरायचे राहिले होते. मेजावर दोन्ही गाड्यांची गुळगुळीत माहितीपत्रके पसरलेली होती. ‘‘तुम्ही अर्थशास्त्राचे. सांगा, या दोहोंतली कोणती?’’ असा त्यांचा थेट सवाल होता.

आमच्या वडिलांच्या पिढीपुढेही मोटारीची निवड दोहोंतूनच होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी किंवा बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ते युग सरू लागले. त्या काळी निवड दोहोंत होती, कारण पुरवठाच तेवढा होता. आज बाजारात गाड्यांची रीघ लागलेली असताना सुशिक्षित माणूस पुन्हा दोनच नावांपाशी येऊन अडतो, याची कारणे निराळी आहेत. ती तपासू गेल्यास या दोन मोटारींपलीकडचा एक प्रश्न समोर येतो, आणि तो ज्यांना यांपैकी कोणतीच मोटार कधी घ्यावयाची नाही अशा वाचकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

सारखेपणाचे अर्थशास्त्र

प्रथम या दोन गाड्यांविषयी. दोन्ही आपल्याच पुणे परिसरात तयार होतात. एक पुण्यातल्या टाटांच्या कारखान्यात, दुसरी चाकणला. महिंद्रांची गाडी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, टाटांची जून २०२५ मध्ये. बाजारात येताना पहिलीची किंमत २१ लाख ९० हजारांपासून, तर दुसरीची २१ लाख ४९ हजारांपासून सुरू होत होती. महिंद्रांच्या बॅटऱ्या ५९ आणि ७९ युनिटांच्या, टाटांच्या ६५ आणि ७५ युनिटांच्या. मोठ्या बॅटरीवर एका भरणात मिळणारे प्रमाणित अंतर महिंद्रांचे ६५६ किलोमीटर, टाटांचे ६२७ किलोमीटर. प्रत्यक्ष रस्त्यावर, वातानुकूलन चालू ठेवून, याच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतर मिळाले तरी समाधान मानावे. पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी दोघांनीही देऊ केली. योगायोगाची परमावधी म्हणजे ‘भारत एनकॅप’ या सुरक्षा चाचणीत दोन्ही गाड्यांना पाच तारे मिळाले, आणि गुणही तंतोतंत सारखे: प्रौढांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३२, मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी ४५.

इतके साम्य असण्यात नवल नाही. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली एका प्रसिद्ध निबंधात हे दाखवून दिले होते. सरळ रस्त्यावर दोनच विक्रेते असतील, तर दोघेही रस्त्याच्या दोन टोकांना न राहता हळूहळू मध्याकडे सरकतात आणि एकमेकांच्या शेजारी येऊन उभे राहतात. चौपाटीवरचे भेळवाले जवळजवळ का उभे असतात, याचे कोडे ज्यांना पडले असेल त्यांनी हे उत्तर लक्षात ठेवावे. एकदा शेजारी उभे राहिले की मग फरक दाखवण्यासाठी पाटीचा रंग बदलावा लागतो. विद्युत् मोटारींच्या माहितीपत्रकांत डॅशबोर्डवरील पडद्यांची संख्या, छताची काच आणि ध्वनिवर्धकांचे वर्णन पानेच्या पाने का व्यापते, हे यावरून कळावे.

तथापि काही फरक खरे आहेत, आणि विचारणाऱ्याला ते सांगणे भाग आहे. महिंद्रांची गाडी लांबीने सुमारे १८ सेंटिमीटर मोठी असून तिची सामान ठेवण्याची जागा ६६३ लिटरची आहे. टाटांची ५०२ लिटरची. मात्र महिंद्रांचे छत मागे उतरत गेलेले आहे. ज्याच्या घरी मागच्या आसनावर उंच माणसे किंवा वयस्कर आईवडील बसणार असतील, त्याने त्यांना प्रत्यक्ष बसवून पाहावे. जलद भरणाची क्षमता महिंद्रांची अधिक आहे; लांबचा प्रवास वारंवार करणाऱ्याला तिचा उपयोग होईल, अर्थात वाटेवरचे भरण-केंद्र तेवढ्या ताकदीचे असेल तर. टाटांच्या मोठ्या बॅटरीच्या गाडीत चारही चाकांना शक्ती देण्याची सोय मिळते. महिंद्रांची केवळ मागच्या चाकांवर चालते. सह्याद्रीच्या कुशीत ज्याचे शेत आहे, पावसाळ्यात चिखलाच्या चढावरून ज्याला घर गाठावे लागते, त्याला या सोयीचे मोल आहे. महाविद्यालय, भाजी मंडई आणि वर्षातून एकदा कोकण एवढाच ज्याचा प्रवास, त्याला ती शोभेची वस्तू होय.

मीटर आणि किलोमीटर

इथवर सांगितल्यावर सहकाऱ्यांना मी दोन प्रश्न विचारले. वर्षाला गाडी किती किलोमीटर धावणार? आणि रात्री ती कुठे उभी राहणार? दोन्ही प्रश्न त्यांना गैरलागू वाटले. वस्तुतः सारा निर्णय या दोन उत्तरांवर अवलंबून आहे.

विद्युत् मोटार हे स्थिर खर्च अधिक आणि चलखर्च कमी असलेले यंत्र आहे. बारावीच्या पाठ्यपुस्तकातला हा भेद. कारखान्याचे असे यंत्र रिकामे ठेवणे महाग पडते. जितके चालवावे तितका प्रत्येक नगामागचा खर्च उतरतो. मोटारीलाही हाच नियम लागू आहे. ढोबळ हिशेब मांडू. एवढी मोठी विद्युत् मोटार एका युनिटात सुमारे साडेपाच किलोमीटर जाते. घरच्या मीटरवर युनिटला १० रुपये धरले, तर किलोमीटरला दोन रुपयांहून किंचित कमी. तेवढ्याच आकाराची डिझेलची गाडी लिटरला १३ किलोमीटर देते असे मानले आणि डिझेल ९० रुपये धरले, तर किलोमीटरला सात रुपये. फरक पाच रुपयांचा. ज्याचे वर्षाला ३० हजार किलोमीटर होतात, त्याचे दीड लाख रुपये वाचतात. औषध कंपनीचा विभागीय अधिकारी, दोन शहरांत दवाखाना चालवणारा वैद्य, रोज तालुक्यांची फेरी करणारा कंत्राटदार यांनी विद्युत् मोटार घेतली तर ती हिशेबाला धरून आहे.

आमच्या सहकाऱ्यांचे काय? घर ते महाविद्यालय सहा किलोमीटर. रोज जाणेयेणे आणि वर्षाच्या दोन-तीन सहली धरूनही आठ हजारांच्या पुढे आकडा जात नाही. सध्या त्यांच्याकडे पेट्रोलवरची छोटी गाडी आहे. ती लिटरला २० किलोमीटर देते. पेट्रोल १०५ रुपये धरले, तर किलोमीटरला सव्वापाच रुपये. म्हणजे विजेमुळे त्यांची वर्षाची बचत सुमारे २६ हजार. आता दुसरी बाजू. वीस लाखांचे कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता येतो सुमारे ३२ हजार. वर्षभर विजेवर गाडी चालवून जे वाचेल, ते एका महिन्याच्या हप्त्यालाही पुरणार नाही. सात वर्षांत केवळ व्याजापोटी सात लाख रुपये जातील, आणि तेवढ्या रकमेत आजही एक नवी छोटी गाडी येते.

राहिला रात्रीचा प्रश्न. ते राहतात ती गृहनिर्माण संस्था चाळीस वर्षांपूर्वीची. गाड्या अंगणात जागा मिळेल तशा उभ्या राहतात. स्वतःची ठरलेली जागा नाही, त्यामुळे स्वतःच्या मीटरपासून वायर ओढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मग सार्वजनिक भरण-केंद्रावर जाणे आले. तिथला दर घरच्या दुप्पट ते अडीचपट. म्हणजे किलोमीटरला चार ते पाच रुपये, आणि सव्वापाचाशी तुलना करता बचत जवळजवळ संपलीच. शिवाय रांगेत जाणारा वेळ. विद्युत् मोटारीचे खरे इंधनकेंद्र म्हणजे मालकाच्या घरची भिंत. ती नसेल तर दोहोंतली कोणतीही मोटार अर्धीच मिळाली असे समजावे.

कराचे उलटे गणित

हा झाला एका कुटुंबाचा हिशेब. पण या खरेदीत त्यांच्याबरोबर आणखी कोणी पैसे घालणार आहे, याकडे माहितीपत्रके लक्ष वेधत नाहीत. तो भागीदार म्हणजे सार्वजनिक तिजोरी.

विद्युत् वाहनांवरचा वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी मोटारींच्या करांची फेररचना झाली. छोट्या पेट्रोल गाड्या १८ टक्क्यांवर आल्या, मोठ्या गाड्यांना ४० टक्के ठरले, विद्युत् वाहने ५ टक्क्यांवरच राहिली. यात किमतीची मर्यादा नाही. सहा लाखांची असो की साठ लाखांची, विजेवर चालते एवढे पुरे. महाराष्ट्र शासनाने याखेरीज विद्युत् मोटारींना वाहनकरही माफ केलेला आहे. पेट्रोलच्या गाडीवर तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलच्या गाडीवर १३ ते १५ टक्के बसतो.

आता आकडे मांडून पाहा. एका लिपिकाने सहा लाखांची पेट्रोल गाडी घेतली. त्या सहा लाखांत वस्तू व सेवा कर सुमारे ९१ हजार ५०० रुपये. वर वाहनकर ६६ हजार. एकूण एक लाख ५७ हजार ५०० रुपये. दुसऱ्या एका गृहस्थांनी २५ लाखांची विद्युत् मोटार घेतली. त्या २५ लाखांत कर सुमारे एक लाख १९ हजार. वाहनकर शून्य. म्हणजे चौपटीहून महाग गाडी घेणाराने सरकारला छोट्या गाडीवाल्यापेक्षा ३८ हजार रुपये कमी दिले. कर भरण्याच्या ऐपतीनुसार कर असावा, हे तत्त्व ॲडम स्मिथने १७७६ साली सांगितले होते. इथे ऐपतीची उतरंड डोक्यावर उभी केलेली दिसते.

याचे समर्थन करणारे म्हणतील की ही सवलत श्रीमंताला नसून स्वच्छ हवेला आहे. हा मुद्दा गंभीर आहे आणि तो आकड्यांनीच तपासला पाहिजे. आपल्याकडे विजेचा मोठा भाग अजूनही चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून तयार होतो. देशात सरासरी एका युनिट विजेमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मोठी विद्युत् मोटार युनिटाला साडेपाच किलोमीटर जात असेल, तर किलोमीटरमागे सुमारे १३० ग्रॅम. डिझेलची तेवढीच गाडी २०५ ग्रॅमच्या आसपास सोडते. फायदा निर्विवाद आहे. पण लिटरला २० किलोमीटर देणारी पेट्रोलची छोटी गाडी? सुमारे ११५ ग्रॅम. शहराच्या रस्त्यावर विद्युत् मोटार धूर सोडत नाही, हे तिच्या जमेस धरलेच पाहिजे. आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तसा तिचा आकडाही खाली येईल. परंतु आज, या घटकेला, छोटी पेट्रोल गाडी देऊन दोन टनांची विद्युत् मोटार घेणाऱ्याने हवामानाची विशेष सेवा केली असे म्हणता येत नाही. डिझेलची मोठी गाडी देऊन ती घेणाऱ्याने मात्र केली आहे. सरकारची सवलत या दोघांत भेद करत नाही. ती गाडी धावण्याला मिळत नाही, विकत घेण्याला मिळते. अंगणात उभ्या असलेल्या गाडीलाही ती पूर्ण मिळते.

सवलतीला उतार हवा

दुसरे समर्थन उद्योगाचे. नव्या उद्योगाला बाल्यावस्थेत आधार द्यावा, हा विचार जर्मन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश लिस्ट याने १८४१ साली मांडला, आणि आपल्या देशाने तो पुढे मनोभावे स्वीकारला. विद्युत् मोटारींच्या बाबतीत तो चुकला असे मी म्हणणार नाही. २००१ साली बंगळुरूची ‘रेवा’ रस्त्यावर आली तेव्हा ती कुतूहलाची वस्तू होती. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही आली, २०२२ मध्ये साडेआठ लाखांपासूनची टियागो ईव्ही आली, आणि आज पुणे परिसरात तयार झालेल्या मोटारी जगातल्या नामांकित गाड्यांशी तुलना करण्याजोग्या आहेत. तेथे काम करणाऱ्या हजारो हातांना आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदारांना या धोरणाचा आधार मिळाला. महागडी गाडी प्रथम घेणारा ग्राहक नव्या तंत्राचा आरंभीचा खर्च सोसतो आणि मग ती स्वस्त होते, हेही खरे.

परंतु बाल्यावस्थेच्या आधाराला एक अट असते: बाळ मोठे झाले की पाळणा काढून घ्यायचा. ज्या दोन मोटारींची ही कथा, त्यांतली प्रत्येक सात सेकंदांच्या आत शंभर किलोमीटरचा वेग गाठू शकते असे त्यांचे उत्पादक अभिमानाने सांगतात. इतके वेगवान बालक पाळण्यात ठेवण्याचे कारण उरत नाही.

केंद्र सरकारला हे अन्यत्र उमगलेले दिसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १० हजार ९०० कोटींच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस, मालमोटारी आणि रुग्णवाहिकांना मदत आहे. खासगी मोटारींना नाही. जे थेट अनुदानातून वगळले, ते कराच्या सवलतीतून मात्र आत येत राहिले. अनुदान अर्थसंकल्पात दिसते, त्यावर सभागृहात प्रश्न विचारता येतो. न घेतलेला कर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. राज्यात मार्च २०२५ मध्ये ३० लाखांवरील विद्युत् मोटारींवर सहा टक्के वाहनकर सुचवण्यात आला होता. त्याच महिन्यात तो मागे घेण्यात आला. एवढ्या वरच्या थरातील ग्राहकालाही सहा टक्क्यांचा भार सोसवणार नाही असे ज्यांना वाटले, त्यांनी छोट्या पेट्रोल गाडीवरील अकरा टक्क्यांचाही कधी तरी विचार करावा.

मग करावे काय? सवलत सरसकट काढून टाकणे शहाणपणाचे नाही. तसे केले तर घेणारा पुन्हा डिझेलकडे वळेल आणि हवा व तिजोरी दोन्ही गमावू. पण सवलतीला उतार देता येईल. पंधरा लाखांपर्यंतच्या विद्युत् मोटारींवर पाच टक्केच राहू द्यावेत. त्यापुढे हा दर पायरीपायरीने वाढवून वीस लाखांवर अठरा टक्के करावा, म्हणजे लिपिकाच्या गाडीइतका. तरीही डिझेलच्या मोठ्या गाडीच्या ४० टक्क्यांपेक्षा तो २२ टक्क्यांनी कमी राहील, आणि विजेकडे वळण्याचे आमिष पुरेसे टिकेल. आज २५ लाखांना मिळणाऱ्या मोटारीवर त्यामुळे एक लाख १९ हजारांऐवजी सुमारे चार लाख २९ हजार रुपये कर पडेल. ही तीन लाखांची वाढ आगाऊ तारीख देऊन, दोन-तीन वर्षांत विभागून करावी, म्हणजे कारखान्यांना धक्का बसणार नाही.

त्यातून येणारी रक्कम कुठे जावी, हेही सांगितले पाहिजे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली. एका बसमध्ये चाळीस माणसे बसतात आणि ती दिवसभर धावते; स्थिर खर्च अधिक व चलखर्च कमी असलेल्या यंत्राला याहून योग्य काम कोणते? विजेवरच्या बस, त्यांची आगारे, आणि जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या अंगणात सामायिक भरणाची सोय यांवर तो पैसा खर्च झाला, तर विद्युत् वाहनाचा लाभ मोटार न घेणाऱ्यापर्यंत पोहोचेल.

सहकाऱ्यांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. दोन आठवड्यांनी ते म्हणाले, ‘‘तुमचा हिशेब बरोबर आहे. पण तीस वर्षे हिशेबातच काढली. आम्ही गाडी नोंदवली.’’ दोहोंतली कोणती, हे मी विचारले नाही. उपभोक्त्याने आपल्या पैशाचे काय करावे हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच आहे, असे मी वर्गात शिकवतो, आणि तीस वर्षे काटकसर केलेल्या दांपत्याच्या आनंदावर बोट ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे त्यांच्यापाशी नाहीच. ते कर ठरवणाऱ्यांपाशी आहे. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. नसू द्या. तिला कर मात्र असावा, आणि तो सहा लाखांची गाडी घेणाऱ्या लिपिकापेक्षा कमी तरी नसावा.